गालिच्यावरची वाट

१

मला एक सांगा. एका बाजूला तुमची बायको, जिच्याबरोबर तुम्ही सगळा संसार केला. दुसऱ्या बाजूला तुमचे स्वतःचे डोळे, ज्यांच्या जोरावर तुम्ही सगळा धंदा केला. दोघांपैकी एक जण खोटं बोलतंय, एवढं पक्कं आहे. कोणावर विश्वास ठेवाल? घाई करू नका. मीही केली नव्हती, आणि तरी मी बरोबर होतो की चूक, हे मला आजही ठरवता येत नाही.

माझं सुईदोऱ्याचं दुकान आहे. रेशीम, लोकर, बटणं, लेस, भरतकामाच्या रिंगा, कापडाचे तुकडे. बाजारात मला कोणी नावाने हाक मारत नाही, सगळे ‘सुईवाले’ म्हणतात, आणि आता मीही तेच सांगतो. शाळा मी अर्ध्यात सोडली ती कापडाच्या एका मोठ्या दुकानात चिकटण्यासाठी. तिथले म्हातारे मालक मला डोळे मिटायला लावायचे, हातात कापड द्यायचे आणि विचारायचे, “बोल, हे अंगावर होतं की कपाटात होतं?” चुकलो की टपली. टपल्या खाऊन खाऊन मी एक गोष्ट शिकलो. वापरलेलं कापड लपत नाही. कोपराला चकाकी येते, गुडघ्याला फुगा येतो, बसायच्या जागी धागे एकमेकांपासून सुटे होतात. माणूस गेला तरी त्याची सवय कापडात राहते.

एकदा एक बाई पडदा परत द्यायला आल्या. “घडीसुद्धा मोडली नाही हो सुईवाले!” मी पडदा टेबलावर पसरला, बोट फिरवलं आणि म्हटलं, “बाई, तुमच्या खिडकीवर दुपारचं ऊन येतं, आणि घरात मांजर आहे.” त्या इतक्या हसल्या की पडदा तर परत नेलाच, वर मांजराला खेळायला लोकरीचा एक गुंडाही घेऊन गेल्या.

हे सांगतोय ते फुशारकी म्हणून नाही. पुढचं ऐकताना तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याला भास झाला असेल. मला भास होत असतील, नाही म्हणत नाही. पण कापडाच्या बाबतीत नाही.

२

मुलगी लग्न होऊन लांब गेली तेव्हा घरात एकदम खूप जागा झाली. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं एकमेकांची तोंडं बघत बसायचो. मग बायकोने एक उद्योग काढला. लाकडी खोक्यात खोली करायची. तीन भिंती, वर छप्पर, समोरची बाजू उघडी. चपलांच्या खोक्याहून जरा मोठी. लाकूडकाम माझं, सुईकाम तिचं.

घाई कशाचीच नव्हती, आणि तीच तर खरी मजा. एक खुर्ची करायला मला महिना लागला तर लागला. मी बारीक करवतीने पाय कापायचो, ती चष्म्यावरून बघायची.

“लंगडतेय.”

“कुठे लंगडतेय? डोळे उघडून बघ जरा नीट.”

“अहो, गिऱ्हाईकाच्या गळ्यात माराल ही. माझ्या नाही.”

पुन्हा घासायला बसायचो. तिचं काम तर विचारूच नका. रेशमाच्या एका दोऱ्याचे पदर सोडवायचे, त्यातला एकच पदर सुईत घ्यायचा आणि भिंगाखाली टाके घालायचे. पलंगावरची चादर, उशांचे अभ्रे, खिडकीचे पडदे. आणि गालिचा. तो तिने मखमलीसारखा केला होता. एकेक फासा काढून, कापून, रंगवायच्या ब्रशने उभा केलेला. तळहाताएवढ्या त्या गालिच्यात तिचा अख्खा हिवाळा गेला. मी मागच्या भिंतीला उघडमीट होणारी खिडकी बसवली, तर म्हणाली, “चला, एक काम तरी सरळ केलंत.” आमच्याकडे ही स्तुती झाली.

खोली पुरी होत आली तेव्हा मी हौसेने बोटभर उंचीची एक बाहुली आणली आणि खुर्चीवर बसवली. बायकोने चिमट्याने तिचं डोकं धरलं आणि तिला उचलून बाहेर ठेवलं.

“का गं? रिकामी वाटते खोली.”

“माणूस ठेवलं की खोलीचं खेळणं होतं. खोली अशी दिसायला हवी की आत्ताच कोणीतरी उठून गेलंय, आणि आता परत येणार आहे.”

“कोण?”

“ते आपण कशाला ठरवायचं? आपण जागा ठेवायची.”

मग ती जागा तिने फार मन लावून केली. टेबलावर अर्धा प्यायलेला चहाचा कप. पलंगाखाली सपाता, एक सरळ आणि एक जरा तिरकी. खुर्चीतल्या गादीत तिने बारीक वाळू भरली होती. अंगठा दाबून तिथे खळगा केला, कोणी बसून उठल्यासारखा. आणि खुर्चीच्या हातावर भरतकामाची एक रिंग, माझ्या करंगळीच्या नखाएवढी. तिच्यातल्या कापडावर निळं फूल. अर्धंच भरलेलं, सुई तशीच खोचलेली.

आम्ही खोली बैठकीच्या खोलीत टेबलावर ठेवली. मागची खिडकी कधी अडकली तर हात जावा म्हणून टेबल भिंतीपासून सुटं ठेवलं. समोर बायकोची खुर्ची. दुपारी ती तिथे बसून आपलं भरतकाम करायची आणि मधूनमधून मान वर करून खोलीत बघायची. एखाद्या शेजारणीच्या घरात बघावं तशी.

३

गालिच्याकडे माझं लक्ष गेलं ते धूळ पुसताना.

मखमल दबली होती. खोलीच्या बाजूच्या भिंतीत मी छोटं दार केलं होतं, तिथून निघालेली एक पट्टी, उन्हात तिरकं बघितलं की दिसेल अशी. मी मनात म्हटलं, बाईसाहेबांचा ब्रश फिरला असेल. जुना दात घासायचा ब्रश घेतला, मखमल उभी केली आणि विसरलो.

पुढच्या सुट्टीला पट्टी पुन्हा होती. जास्त ठळक.

“तू गालिच्यावर काही ठेवलं होतंस?”

“मी कशाला काय ठेवू?”

“उंदीर?”

“उंदीर असता तर आधी तुमच्या दुकानातली लोकर नेली असती. फुकट मिळते तिथे.”

तिचं हसणं ऐकून मीही हसलो. पण भिंग आणलं. उंदीर कुरतडतो, झिजवत नाही. वाळवी खालून खाते. ऊन रंग उडवतं, मखमल झोपवत नाही. ही झीज होती, आणि झीज कशी होते ते मला कोणी शिकवायला नको. गालिच्यावर वाट पडली होती. रोज जाण्यायेण्याची.

वाट दारापासून खुर्चीपर्यंत असती तर कदाचित मी गप्प बसलो असतो. मनाला समजावायला माणूस काहीही शोधतो. पण ती खुर्चीला वळसा घालून पुढे आली होती. अगदी पुढे, जिथे भिंत नाही, जिथून आपण आत बघतो त्या काठापर्यंत. आणि काठाशी दोन डाग होते, शेजारी शेजारी, तांदळाच्या दाण्याएवढे. तिथली मखमल पार उडाली होती, खालची जाळी दिसत होती.

दुकानात गल्ल्यामागे माझ्या पायाखाली सतरंजी आहे. तिच्यावरही असेच दोन डाग आहेत. एका जागी बराच वेळ उभं राहणाऱ्या माणसाच्या पायाखाली ते पडतात.

कोणीतरी काठाशी उभं राहून बाहेर बघत होतं.

मी मान वर केली. समोर बायकोची खुर्ची होती.

४

त्यानंतर मी दुपारी दुकान बंद करून घरी येऊ लागलो. जेवायला, असं सांगून. बायको म्हणाली, “एवढं प्रेम उतू जायला काय झालं?” पण तिला बरं वाटलं असावं.

ताणलेल्या कापडातून दोरा ओढताना आवाज होतो. तुम्ही कधी ऐकला नसेल. ऐकायला शांतता लागते. आधी सुई शिरताना एक बारीक ठक, मग दोऱ्याची लांब सुर्र. आमच्या घरात तो आवाज पंख्यासारखा, म्हणजे असला तरी कोणाला ऐकू येत नाही इतका सवयीचा. त्या दुपारी मी पेपर वाचत होतो. ठक. सुर्र. ठक. सुर्र. बऱ्याच वेळाने मी पेपर खाली केला.

बायकोचे दोन्ही हात मांडीवर होते. रिकामे. ती खोलीकडे बघत होती.

“ऐकू येतंय ना?” ती म्हणाली. “मला वाटलं, मलाच येतंय.”

मी उठलो तसा आवाज थांबला. भिंग घेतलं. खुर्चीच्या हातावरच्या रिंगेतलं निळं फूल पूर्ण झालं होतं. शेजारी हिरव्या पानाला सुरुवात झाली होती.

मी चिमट्याने रिंग उचलून उलटी केली. माझी बायको कधी गाठ मारत नाही. गाठ म्हणजे आळस, असं तिचं ठाम मत. ती दोरा मागच्या टाक्यांखालून नेते आणि उलटा परत आणते. तिच्यासारखं कोणी करत नाही, माझ्या गिऱ्हाइकांत तर नाहीच. रिंगेच्या मागे गाठ नव्हती. दोरा टाक्यांखालून जाऊन उलटा परत आला होता.

मला एकदम सुटल्यासारखं झालं. मी हसून म्हटलं, “बाईसाहेब, पकडलं. तूच करतेस हे. माझी गंमत करतेस.”

“मी नाही.”

“हात तुझा आहे.”

“हात माझाच आहे,” ती म्हणाली. “पण मी नाही.”

मग तिने आपलं भरतकाम माझ्यापुढे टाकलं. मुलीसाठी टेबलक्लॉथ करत होती. त्यावर हिरव्या पानांची वेल होती. मी स्वतः ती बघितली होती, त्या रेशमाची छटाही मीच निवडून दिली होती. वेलीचा एक भाग गेला होता. उसवलेला नव्हे. उसवताना कापड ओढलं जातं, धाग्याचे तुकडे राहतात. इथे फक्त सुईची भोकं होती, ओळीने, स्वच्छ, पानाच्या आकाराची.

“भर की पुन्हा,” मी म्हटलं. “हिरवा दोरा देतो ओवून.”

तिने सुई हातात घेतली. माझ्या बायकोने, जिच्या हातात मी सुईशिवाय दुसरं काही फारसं बघितलं नाही, तिने सुई उलटसुलट करून पाहिली. मग माझ्याकडे बघितलं.

“हे कुठून घालायचं?”

मला वाटलं चेष्टा आहे. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोळे तपासले, बोटं मिटायला लावली, उघडायला लावली, तारीख विचारली, आमच्या लग्नाबद्दल विचारलं. ती सगळ्याला नीट उत्तरं देत गेली, वर म्हणाली, “लग्नाचं यांना विचारा, बघू यांना आठवतं का.” डॉक्टर हसले. म्हणाले, काही नाही, थकवा आहे.

रोज थोडं थोडं जात होतं. आधी टाके, मग बटण लावणं, मग शाल अंगाभोवती घेणं. आणि रोज दुपारी मी भिंगातून बघायचो तर पान पुरं, देठ पुरा, दुसरं फूल सुरू.

५

एके सकाळी मी फळी कापली आणि खोलीची उघडी बाजू बंद केली. चारी कोपऱ्यांत स्क्रू. दुकानात गेलो, पण गिऱ्हाइकाने लाल मागितलं तर गुलाबी देत होतो. दुपारी परतलो तर फळी जमिनीवर होती. स्क्रू तिच्यावर एका ओळीत मांडलेले. बायको खुर्चीत.

“का काढलीस?”

“जीव गुदमरत होता.”

“कोणाचा?”

तिने खोलीकडे बघितलं. “माझा,” ती म्हणाली. पण कोणी खरंच विचारात पडून उत्तर द्यावं तसं.

तेव्हा मी ठरवलं की बघायचंच. समोरून कधी काही दिसलं नव्हतं. समोरून आपण बघतो हे आतून कळतं. मी तिला म्हटलं, “तू बस, मागची खिडकी जरा घट्ट झालीय,” आणि टेबलामागे जाऊन गुडघ्यांवर बसलो. भर दुपार होती. खिडकीतून ऊन येत होतं, रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं. मी नखाने ती छोटी खिडकी उघडली आणि डोळा लावला.

आधी काहीच कळलं नाही. इतक्या जवळून आपलीच वस्तू ओळखू येत नाही. मग पलंगाची कड दिसली. कप दिसला. रिकामा. मग खुर्ची, माझ्याकडे पाठ केलेली, आणि खुर्चीच्या हातापलीकडे एक कोपर.

ठक. कोपर बाहेर आलं. सुर्र. आत गेलं.

खुर्चीच्या पाठीवर केसांचा अंबाडा दिसत होता, पांढरा, सैल, एक बट सुटलेली. ती बट मी किती वर्षं रोज बघतोय ते सांगून तुम्हाला कंटाळा आणणार नाही. मी श्वास रोखला होता. मला वाटलं, माझा श्वास आत वाऱ्यासारखा जाईल आणि ती वळेल.

मग माझी नजर तिच्यापलीकडे गेली. खोलीची समोरची बाजू उघडी, आणि त्यातून आमची बैठकीची खोली दिसत होती. प्रचंड, धूसर. समोर बायकोची खुर्ची.

खुर्ची रिकामी होती.

शाल खुर्चीच्या हातावर टाकलेली. गादीत खळगा. शेजारच्या स्टुलावर अर्धा प्यायलेला चहा. खाली सपाता, एक सरळ आणि एक जरा तिरकी.

मी ताडकन डोकं वर काढलं. ती खुर्चीत होती. शाल अंगावर, पाय सपातांत.

“काय दिसलं?” तिने विचारलं.

मी उठलो. हत्यारांच्या पेटीतून हातोडी घेतली. मला ते खोकं, तो गालिचा, सगळा भुगा करायचा होता. हात वर गेला.

“अहो, फोडू नका,” ती म्हणाली. ओरडून नाही. बाजारातून येताना काहीतरी आणा, असं सांगावं तशी. “मग मी बसू कुठे?”

६

हातोडी मी पुन्हा पेटीत ठेवली. आता तुम्ही म्हणाल, फोडायला हवं होतं. मला एवढंच विचारायचंय: ती आत असेल तर? आणि नसेल तर घाव घालायची गरजच काय? दोन्ही बाजूंनी हात बांधलेले. बायको एका बाजूला आहे हे नक्की. कोणत्या, हे ठरल्याशिवाय कोणतीच बाजू मोडता येत नाही.

घर चालू आहे. ती बोलते, टोमणे मारते. जेवण मी करतो. मीठ जास्त झालं तर सांगते, पण तिचं ताट मला तसंच परत उचलावं लागतं. खुर्चीतली गादी मी मुद्दाम बदलली, नवी, घट्ट भरलेली, वरचं कापड असं की तासभर बसलं तरी सुरकुती धरतं. रोज रात्री ती झोपायला गेली की मी त्यावर हात फिरवतो. एकही सुरकुती नाही. दुकानातून आणली तशी आहे.

परवा बायकोची थोरली बहीण आली, आम्ही सगळे तिला आक्का म्हणतो. आक्का घरात शिरते तीच मोठ्याने.

“काय हो सुईवाले, दार उघडायला एवढा वेळ? झोपला होतात की काय दिवसाढवळ्या?”

बोलत बोलत आत आली, चप्पल काढली, आणि हातातली मोठी पिशवी बायकोच्या खुर्चीत ठेवली. सरळ. रिकाम्या खुर्चीत ठेवावी तशी. पिशवी गादीवर टेकली, तिचं बूड पसरलं. मग आक्काने माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडावर काय होतं कोण जाणे. तिने पुन्हा खुर्चीकडे बघितलं आणि घाईघाईने पिशवी उचलली.

“अगंबाई! बसलीयेस होय! माझे डोळे बघ, मेले गेलेच आता. बरी आहेस ना गं?”

“बरी आहे आक्का,” बायको म्हणाली. मी ऐकलं.

आक्काने ऐकलं का? ती मान डोलावत होती, पण माझ्याकडे बघून. पुढे तासभर बसली. खुर्चीच्या दिशेने बोलत राहिली, पण प्रत्येक वाक्यानंतर माझ्याकडे बघून थांबायची. म्हाताऱ्या माणसाचं मन राखायचं असलं की लोक तसे थांबतात. जाताना दारात माझा हात धरून म्हणाली, “तब्येतीला जपा,” आणि पुढे काही न बोलता जिना उतरली. शेजारीही तसेच. वाणीही तसाच. “वहिनी बऱ्या दिसतात हो,” म्हणतात, नजर माझ्यावर. सगळे माझ्याशी चांगले वागतात, आणि त्यांच्या त्या चांगुलपणामुळे मला काही कळत नाही.

म्हणून तुम्हाला सांगतोय. तुमचा माझा काही संबंध नाही, तुम्हाला माझी दया येण्याचं कारण नाही. एकदा दुपारी घरी या. चहा देईन. टेबलावरची खोलीही बघा, काम बघण्यासारखं आहे. अलीकडे पडद्यांनाही वेल आली आहे. समोर बसा, हवापाण्याच्या गप्पा मारा. मग उठायच्या आधी बैठकीच्या खोलीत किती माणसं आहेत ती मोजा. स्वतःला धरा, मला धरा. आणि दारात मी विचारलं की आकडा सांगा. धंद्यात मी खूप जणांचे हिशेब बघितलेत; गोड बोलून वाढवलेला आकडा सगळ्यात जास्त बुडवतो. तेव्हा माझ्या तोंडाकडे बघू नका, मला बरं वाटावं म्हणून एक जास्त धरू नका. दोन असतील तर दोनच सांगा.